सहदेवचं गाऱ्हाणं

माझ्या भावोजींना राग येत नाही, असं सगळे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. माणसाला रागच येत नसेल तर त्याला डॉक्टरकडे न्यावं. पण ताईच्या सासरचे लोक 'सहदेव म्हणजे देवमाणूस' म्हणून मोकळे होतात, आणि दर वर्षी भर सभेत त्याच देवमाणसाची टर उडवतात.

सहदेव भावोजी म्हणजे माझ्या अनुपमाताईचे यजमान. राहायला बोरिवलीला, नोकरी मालाडच्या एका मॉलमध्ये, मेंटेनन्सला. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. त्या गावच्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. दर वर्षी एक हॉल घेऊन ते माघी गणपती बसवतात. पूजा झाली की गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे एकाने सगळ्यांच्या वतीने देवापुढे उभं राहून मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा मान भावोजींच्या वडिलांचा होता. ते उभे राहिले की माइक लागायचा नाही, असं अजून सांगतात.

ते वारले, त्याच्या पुढच्या वर्षी मान भावोजींकडे आला. नारळ हातात घेऊन ते उभे राहिले. सुरुवात ठीक झाली. मग गेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली, त्यात पहिलंच नाव वडिलांचं होतं. तिथे त्यांचा घसा दाटला आणि पुढे शब्दच फुटेना. असं कुणाचंही झालं असतं. नंदकुमारने, त्यांच्या चुलतभावाने, नारळ काढून घेतला आणि गाऱ्हाणं पुरं केलं. इथवर ठीक. पण हा नंदकुमार स्वतःला मोठा विनोदी समजतो. त्याने शेवटी एक मागणं जोडलं, "आणि आमच्या सहदेवाच्या घशात जो काय गोळो अडाकलो हा, तो काढून खाडयेत टाक रे म्हाराजा!"

अख्खा हॉल हसत हसत ओरडला, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवसापासून भावोजी 'गोळ्या' झाले. याला वीसेक वर्षं होऊन गेली. मंडळातली शेंबडी पोरंही 'गोळ्याकाका' म्हणतात. खरं गाऱ्हाणं झालं, नैवेद्य दाखवला, की जेवणाआधी 'गोळ्याचं गाऱ्हाणं' होतं. त्यांचं लग्न उशिरा जमलं तेव्हा त्यावर झालं, टक्कल पडलं तेव्हा त्यावर, घराचा ताबा रखडला तेव्हा त्यावर. भावोजी आपणहून पुढे येतात, हात जोडतात, दात काढतात आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांत मोठ्याने, 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

ताईच्या लग्नानंतर हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मी नंदकुमारला तिथेच धारेवर धरलं. तो म्हणाला, "अगो, आमच्यात मस्करी अशीच चलता. तेका वायट वाटता काय, इचार." मी विचारलं. भावोजी म्हणाले, "छे गं दर्शना, मजा असते." लिफ्टमधली बाई मजल्याचा नंबर सांगते ना, त्या आवाजात.

पुढे मला तो आवाज सगळीकडे ऐकू यायला लागला. सुपरवायझरची जागा चालून आली, मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून नको म्हणाले, ते त्याच आवाजात. ऋतिका झाली तेव्हा आम्ही सगळ्या रडत होतो. भावोजींनी पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे." ताईने हॉटेलात विचारलं, काय खाणार, तर म्हणणार, "तुला काय हवंय?" आम्ही याला स्वभाव म्हणत आलो.

ऋतिका आता नववीत आहे. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलींनी सहलीत ती घास घेत असताना तिचा फोटो काढला आणि त्याचं फोनवर पाठवायचं स्टिकर केलं. गृहपाठ राहिला की ते स्टिकर, कुणी पडलं की ते स्टिकर. मग इतर वर्गांकडे गेलं. मग ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागचा बाक घास चावल्यासारखं करायचा. बाईंना दिसायचा फक्त गप्प बसलेला बाक. ऋतिकाने डबा खाणं सोडलं. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती शाळेतच गेली नाही. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसती बसून राहायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

शाळेने शेवटी कळवलं, सोमवारी पालकांना घेऊन या, नाहीतर परीक्षेचं कठीण आहे. ऋतिकाने एकच अट घातली. "पप्पा येणार असतील आणि ते बोलणार असतील, तर मी जाईन. आई नको, मावशी नको." भावोजी म्हणाले, "बोलेन." आता सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि खरं सांगते, मला धाकधूक होती.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, माघी गणपती. मी मुलुंडहून मुद्दाम आले होते. ऋतिकाही आली, तेच खूप होतं. नैवेद्य झाला आणि नंदकुमारने माइक हातात घेतला. भावोजी नेहमीसारखे पुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. ताई कधीतरी नंदकुमारच्या बायकोपाशी ऋतिकाबद्दल मन मोकळं करून बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

"बा देवा म्हाराजा," नंदकुमार म्हणाला, "आता ह्या गोळ्याच्या चेडवाकय गोळो लागलो हा. शाळेत जाऊक नको, घरात तोंड लपवून बसला हा. तेच्याय तोंडातलो गोळो काढ रे म्हाराजा!"

हॉलमध्ये क्षणभर कुणी काही बोललं नाही. एवढं तरी लोकांना कळलं. आणि त्या शांततेत एकट्या भावोजींचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मग बाकीचेही म्हणाले.

मी नंदकुमारच्या हातातून माइक ओढून घेतला आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ऋतिकाला घेऊन मी आणि ताई घरी आलो. भावोजी मागे राहिले, पंगतीत भात वाढायला. ते आले तेव्हा चार वाजून गेले होते. चप्पल काढून ते खुर्चीवर बसले.

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही व्हय म्हाराजा म्हणालात? स्वतःच्या पोरीला?"

"कुणाच्या पोरीला?" भावोजींनी विचारलं.

मला वाटलं, ते अंग काढून घेतायत. पण त्यांचा चेहरा खरोखर कोरा होता. ताईने नंदकुमारचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

"मला ते ऐकू येत नाही," ते म्हणाले. "नंदूने सुरू केलं ना, की सगळं बंद होतं. त्याचे ओठ दिसतात. तो थांबला की म्हणायचं, एवढंच कळतं. आज दर्शना काय बोलली, तेही नाही कळलं. कित्येक वर्षं झाली. कामावर साहेब ओरडला तरी होतं तसं."

इतकी वर्षं संसार करून ताईला हे माहीत नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि फार वाईट वाटलं.

ऋतिका दारात उभी होती. "मला पण," ती म्हणाली.

भावोजींनी मान वर केली. "काय तुला पण?"

"वर्गात त्या चावायला लागल्या ना, की मला पण काही ऐकू येत नाही. बाई प्रश्न विचारतात तोही नाही. मग घरी आल्यावरही येत नाही."

ते उठले, तिच्यापाशी गेले, पण पुढे काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. "उद्या मी बोललो नाही तर?" ते म्हणाले. "तिथे जाऊन माझं बंद झालं तर?"

ऋतिकाने त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी ती कुणाकडे तरी नीट बघत होती.

"मग त्यांना हेच सांगा," ती म्हणाली. "आता आम्हाला सांगितलंत ना, तेवढंच. माझ्याबद्दल नका सांगू. तुमच्याबद्दल सांगा."