पार्किंगमधलं भेकर

पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही कात्रजला राहायला आलो. सोसायटीची मागची भिंत थेट डोंगराला लागलेली. तिचा एक कोपरा पावसात ढासळला होता आणि त्या भगदाडातून सकाळी सकाळी भेकरं आत यायची. भेकर म्हणजे शेळीएवढं, तांबूस रंगाचं, काडीसारख्या पायांचं हरीण. माझ्या सासऱ्यांनी मागच्या बाजूला जास्वंदी लावल्या होत्या. त्यांचे कोवळे शेंडे ही मंडळी खुडून खायची.

"खत मी घालायचं आणि जेवायला हे," असं म्हणत सासरे काठी आपटायचे. भेकर मान वर करून त्यांच्याकडे बघायचं आणि सावकाश निघून जायचं. काठी त्यांनी कधी फेकली मात्र नाही.

शेजारच्यांना भेकरांचं फार कौतुक. भिंतीपाशी ते उरल्यासुरल्या पोळ्या ठेवायचे. भेकरं त्यांना क्वचितच तोंड लावायची, चंगळ झाली ती भटक्या कुत्र्यांची.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी कामावरून परतले तर पार्किंगमध्ये ही गर्दी! कुत्र्यांनी एका भेकराचा पाठलाग करून त्याला जिन्याखालच्या कोपऱ्यात कोंडलं होतं. मागच्या पायातून रक्त येत होतं. कुत्र्यांना हाकलून सासरे काठी घेऊन पुढ्यात उभे होते आणि त्यांच्या मागे सगळे मोबाईल उंच धरून शूटिंग करत होते.

मी वनखात्याला फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हात लावू नका, पाणी पाजू नका. अंधार करा आणि शांतता ठेवा. ही जनावरं भीतीनेच जातात. आम्ही निघतोय, पण ट्रॅफिक आहे."

मी ते सासऱ्यांना सांगितलं. ते गर्दीकडे वळले.

"अहो, प्रदर्शन संपलं. आपापल्या घरी टीव्ही आहेत, ते बघा."

चरफडत का होईना, लोक पांगले. आम्ही दोन स्कूटरच्या मध्ये जुन्या चादरी बांधून आडोसा केला. गेटमधून येणाऱ्या प्रत्येकाला सासरे इंजिन बंद करायला लावत होते. कधी जिनाही न चढणारे लोक गाड्या ढकलत आत आणू लागले.

तेवढ्यात समोरच्या मैदानात ढोल सुरू झाले. गणपती जवळ आले होते, पथकाचा सराव चालायचा. पहिल्याच ठोक्याला चादरीमागे भेकर भिंतीवर धडकलं.

या पथकाशी सासऱ्यांचं महिनाभर वाजलेलं. "हे वादन नाही, सूड आहे," असं त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. आता त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून ते निघाले. पुढे काय झालं ते पथकप्रमुख मुलीने मला नंतर सांगितलं. त्यांना येताना पाहून तीच आधी म्हणाली, "काका, आमच्याकडे परवानगी आहे."

"ठाऊक आहे. आज भांडायला आलो नाही, विनंती करायला आलोय. आमच्याकडे एक भेकर अडकलंय. आपण वाजवलंत तर ते मरेल."

त्यांच्या तोंडून 'आपण' ऐकलं आणि तिने लगेच हात वर केला. ढोल एकदम थांबले. मग ती चार-पाच जणांना घेऊन आली आणि ती मुलं भिंतीच्या भगदाडापाशी कुत्र्यांना अडवत उभी राहिली.

वनखात्याची माणसं आली. फोनवरच्या बाईच पुढे होत्या. त्यांनी अलगद जाळी टाकली आणि भेकराचे डोळे कापडाने झाकले. पाय तपासून त्या म्हणाल्या, "वरवरची जखम आहे. काही पाजलं नाहीत ना?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही," सासरे म्हणाले.

"मग वाचेल."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले. गाडीपर्यंत सोबत गेले आणि त्यांनी विचारलं, "सोडणार कुठे?"

"डॉक्टरांनी पाहिलं की इथेच, वर डोंगरात. त्याचं घर तेच."

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. सभांना कधीही न जाणारे सासरे पहिल्या खुर्चीत बसले. उष्टं बाहेर ठेवायचं नाही, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावायची, कुत्र्यांच्या नसबंदीसाठी महापालिकेला कळवायचं, हे सगळं मंजूर झालं. भगदाडावर मात्र वाद पेटला. "बुजवलंत तर भेकरं दिसणार नाहीत," एक बाई हळहळल्या.

"मला ती जगायला हवी आहेत," सासरे म्हणाले. "म्हणूनच बुजवा म्हणतोय."

तेही मंजूर झालं. भिंत बांधून झाली आणि भेकरं यायची बंद झाली.

सासऱ्यांनी मग एक दुर्बीण आणली. सकाळचा चहा घेऊन ते गच्चीत जायचे. पाऊस ओसरल्यावर एकदा त्यांनी मला घाईघाईने वर बोलावलं. उतारावरच्या गवतात एक भेकर चरत होतं.

"बघ, लंगडत नाही," ते म्हणाले.

"बाबा, ते तेच कशावरून?"

"तू दुर्बीण धर आणि गप्प बघ."