नाळेवरची अक्षरे

टर्पेंटाइनचा झणझणीत वास आणि त्याच्या खालून हळूच वर येणारा सुकत्या बोंबलांचा वास, हे दोन्ही एकत्र आले की मला अजून मान तिरकी करून, एक डोळा मिटून उभे असलेले पेंटर दिसतात. मिरकरवाड्याच्या जेटीवर ते बोटींच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाशी, नावे रंगवीत. अक्षर पुरे झाले की तीन पावले मागे सरत आणि स्वतःशीच म्हणत, "अक्षर उजळलां पायजे."

आमच्या आळीतले शेवटचे घर त्यांचे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, एवढ्या एका गुणावर त्यांनी मला आपली मानली होती. प्रत्येक अक्षराच्या कडेने ते केसाएवढी पांढरी रेघ ओढत. कशासाठी, असे मी एकदा विचारले.

"बाई, सांजचा सूर्य बोटीच्या पाठीशी. नाळ काळवंडते. जेटीवर बायका वाट बघत असतात, त्यांना आधी नाव दिसलां पायजे. नवरा काय, मागाहून दिसतोच."

असा हा माणूस मुलीच्या लग्नाचा बायोडेटा करताना मात्र खचला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी तीन दिवस अडून बसला.

"पेंटर लिवलां तर लोक विचारतात, आमच्या संडासाला कुठला रंग बरा? इंग्लिशमधला एखादा वजनदार शब्द द्या."

मी त्यांना 'लिम' (limn) हे क्रियापद दिले. आज ते बहुधा कवितेतच भेटते: शब्दांनी वा रंगांनी एखाद्याचे चित्र उभे करणे. पण छापखाने नव्हते तेव्हा त्याचा अर्थ होता, हाताने लिहिलेल्या पोथीतली अक्षरे रंगांनी आणि सोन्याने सजवणे. त्याहून मागे, जुन्या फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत गेले की मुळाशी एकच गोष्ट उरते: प्रकाश.

पेंटरांच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हणजे उजळवणां?"

"तेच."

"बघा! नि मी इतकी वर्षां फुकट मराठीत सांगत होतो."

रकान्यात 'लिम्नर', म्हणजे लिम करणारा, झळकले आणि लांज्याहून पाहुणे आले. कोणी अर्थ विचारलाच तर असावी, म्हणून मलाही पोह्यांना बसवले होते. कोणी विचारला नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, आपला रत्नागिरीकर एक वेळ उपाशी राहील, पण 'माहीत नाही' म्हणणार नाही. मुलाच्या काकांनी गंभीरपणे मान डोलावली. "आमच्या ओळखीत आहेत एक लिम्नर. ठाण्याला. मोठा फ्लॅट आहे."

पेंटरांना ते सोसवले नाही. "काका, मी बोटींवर नावां काढतो."

"म्हणजे रंगारी," काका म्हणाले. आतल्या खोलीत बांगड्या किणकिणल्या आणि एकदम गप्प झाल्या.

पेंटर उठले. "चला. बघा, नि मग नाय म्हणा."

दोन रिक्षांतून सगळी वरात जेटीवर आली. सूर्य कलला होता. परतणाऱ्या बोटी नुसत्या काळ्या आकृती झाल्या होत्या, आणि त्या काळ्यातून अक्षरे तेवढी सुटून पुढे येत होती. काका चष्मा घरी विसरले होते. तरी पहिलीतल्या मुलासारखे ते मोठ्याने वाचू लागले, "भ... वा... नी... प्रसाद! र... ह... मत!" वाचता वाचता ते स्थळ विसरले, आपले मोठेपण विसरले आणि म्हणाले, "व्याही, ती तिसरी कुठली हो?"

व्याही डोळे पुसत होते. टर्पेंटाइन गेले होते, असे त्यांनी मला नंतर बजावून सांगितले.

पेंटर गेले त्याला दोन पावसाळे झाले. नव्या बोटींवर आता चकचकीत स्टिकर येतात. परवा संध्याकाळी मी जेटीवर गेले. शेजारी एक बाई टोपली कमरेशी धरून, डोळ्यांवर हाताची सावली करून उभी होती. दूर काळ्या ठिपक्यांची रांग. "तुमची कुठली?" मी विचारले. तिने नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मग एका जुन्या बोटीच्या नाळेवर केसाएवढा उजेड उमटला आणि ती माझ्याकडे वळली.

"दिसलां."