विसावं नाव

असोद्यात बापाबरोबर केळीचे घड वाहणारा पितांबर विहारात येणाऱ्या भन्तेजींकडून पाली शिकला. वंदना सगळ्याच पोरांना पाठ होती. याला मात्र शब्दाशब्दाचा अर्थ हवा असायचा. त्याच नादात तो एम. ए. झाला, बारा वर्षं तासिकांवर घासला आणि शेवटी जळगावातल्या एका शाळेत कायम झाला. जुन्या गाथांवर त्याने सातशे पानं टिपा लिहिल्या. प्रकाशकाने गठ्ठा हातात तोलूनच परत केला.

पितांबर सरांच्या वर्गात एकच नियम होता, गाइड आणायचं नाही. शब्द फोडा, अर्थ आपला आपण लावा. त्यामुळे गुण कमी पडत आणि पोरं हिंदीकडे पळत. यंदा आठवीत पालीला एकोणीसच नावं आली. सोमवारपर्यंत वीस झाली नाहीत तर तुकडी बंद.

"घरोघर फिरा सर," मुख्याध्यापक म्हणाले. "स्कोअरिंग विषय आहे म्हणून सांगा. कोण तपासायला येतंय?"

शनिवारी दुपारी सर सपनाकडे गेले. त्यांच्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार मुलगी. पालीत एम. ए. करून ती आता चटईच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिची मुलगी भूमिका यंदा आठवीत होती.

"या सर, बसा. यंदाबी पोरं गोया कराले दारोदार निंघनात का?" तिची सासू धुरपदाबाई हसत म्हणाली. "चहा ल्या. पोरगी तेवढी घेऊन जाऊ नका."

सपनाने अर्ज हातात घेतला. पेनाचं टोपण काढून थांबली.

"सर, गाइड चालेल ना? हिला शेवटी टक्केच लागणार आहेत. माझ्यासारखं नको व्हायला."

सरांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं, "माझ्या वर्गात गाइड येत नाही, सपना. तुला माहीत आहे."

तिने टोपण लावलं आणि अर्ज परत दिला.

सर कोपऱ्यापर्यंत गेले. एकोणीस पोरं डोळ्यांसमोर आली. ते उलटे फिरले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "चालेल गं. आणू दे गाइड. मी काही बोलणार नाही."

सपना दारापर्यंत आली.

"आता नको, सर," सपना म्हणाली. "कारखान्यात बाया विचारतात, एवढं शिकून काय मिळालं? मी म्हणते, कुणासाठी नियम न मोडणारे सर मिळाले. आता तेवढंही म्हणता यायचं नाही."

मंगळवारी ती एकोणीस पोरं हिंदीच्या वर्गात जाऊन बसली. आपले सर का आले नाहीत, हे कुणी विचारलं नाही. सरांना सहावीचा कार्यानुभवाचा तास मिळाला.