जळका वास

मलकापुरात मिक्सर, हिटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. वस्तू उघडण्याआधी ते तिचा वास घेतात. हिटरला जळका वास येतो म्हणून थंडीत मी तो नेला, तर म्हणाले, "कॉइलवर वर्षभराची धूळ बसली, सर, ते जळून राह्यली. हिटर चांगला हाय." न उघडताच त्यांनी तो परत दिला.

पुढे माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते उठले आणि त्यांनी मेन स्विच पाडला. माइक, पंखे बंद झाले. भाऊ चिडला, "काऊन बंद केली लाइन?"

"हे धूळ नाही. वायर जळून राह्यली."

मंडपामागे वायरीचा जोड खरंच वितळत होता. तो बदलल्यावर मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली. सगळे नवरानवरीकडे पाहत होते. हे मात्र वायरीकडे.