गौरीच्या दिवसाचं सिझर

माझ्या मुलीची जन्मवेळ गुरुजींनी काढली, डॉक्टरांनी पाळली आणि मला सगळ्यात शेवटी कळवली. पोट माझं होतं, एवढी एक गोष्ट त्या धांदलीत सगळ्यांच्या विस्मरणात गेली असावी.

मी परभणीकडची. म्हणजे वडील तिकडचे; ते कंपनीत लागले तेव्हा आम्ही पिंपळे गुरवला दोन खोल्यांत आलो आणि तिथलेच झालो. मी चाकणला रबराचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामाला होते. लग्न झालं ते पुनावळ्यात, जुन्या गावकरी घराण्यात. सासऱ्यांच्या शेतात आता टोलेजंग टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एकात आम्ही राहतो. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. नवरा तसा स्वभावानं चांगला. आईपुढे मात्र त्याच्या तोंडातून ब्र निघत नाही, आणि त्यालाच तो चांगुलपणा म्हणतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. माझ्या आईनं तिसऱ्या महिन्यापासूनच डिंक, खारीक, जुनी मऊ लुगडी गोळा करायला घेतली होती. तिचं म्हणणं होतं की जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव घालू. मी एकदा जाऊन आले. बाकडं भरलेलं, पंखा बंद, आणि तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर खेकसल्याच. पण पोटावर हात ठेवून त्यांनी एक वाक्य सांगितलं होतं, "सगळं नीट आहे, कळा आल्या की ये, उगाच आधी येऊन गर्दी करू नकोस." तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

सासूबाईंनी त्या दवाखान्याचं नावच काढू दिलं नाही. "आमच्या घरची सून तिथं रांगेत बसायची न्हाई," म्हणाल्या. मग हायवेजवळचं नवं हॉस्पिटल ठरलं. खाली संगमरवरी हॉल, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्यापान बाळांचे फोटो, आणि एसी इतका की गरोदर बायका शाल पांघरून बसलेल्या. तिथं डॉक्टर मॅडमना भेटायला तासन्‌तास बसायचं आणि आत गेलं की शाल काढेपर्यंत तपासणी संपलेली असायची. मॅडम गोड बोलायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "सगळं छान चाललंय हं." मी काही विचारलं की उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायच्या. त्याला काय कळत होतं, देव जाणे, पण तो मान डोलवायचा.

आठव्या महिन्यापर्यंत सगळं खरंच छान चाललं होतं. मग एक दिवस सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि मॅडमनी दिलेली तारीख शोधली. ती निघाली पितृपंधरवड्याच्या शेवटी शेवटी.

"पितरांत जलम? न्हाई. आपल्या घरात ह्ये न्हाई व्हायचं."

मला आधी हसू आलं. म्हटलं, "आत्या, ते काय आपल्या हातात आहे का?"

"आता हाय की," त्या म्हणाल्या. "आता काय न्हाई हातात?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं. गुरुजींकडून मुहूर्त आला तो गौरी येतात त्या दिवसाचा. मुलगा झाला तर गणपतीत आला, मुलगी झाली तर गौरच आली, दोन्हीकडून सोय. माझ्या तारखेला त्या दिवशी तीन आठवडे उरत होते. मी म्हटलं, मग पुढे जाऊ. तारखेनंतर चार दिवस थांबलं की घटस्थापना येते, नवरात्रातलं लेकरू तर आणखी चांगलं. सासूबाई म्हणाल्या, "आन मधीच कळा सुटल्या तर?" कळा सुटणं हा त्या घरात अपघात होता.

मला वाटलं, मॅडम आडव्या येतील. एवढं शिकलेलं माणूस कॅलेंडर बघून पोट कापणार नाही, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. मॅडमनी मुहूर्ताची चिठ्ठी बघितली, आपली डायरी उघडली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी गर्दी आहे हो, पण बसवू कुठंतरी."

मी धीर करून विचारलं, "मॅडम, कळा येईपर्यंत थांबलं तर?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "थांबायला हरकत नाही, पण तुमचं पाणी थोडं कमी वाटतंय. रिस्क तुमची."

आदल्याच आठवड्यातल्या सोनोग्राफीत पाणी भरपूर होतं. मुहूर्त आला आणि पाणी आटलं. पण 'रिस्क' हा शब्द एकदा खोलीत पडला की बाईच्या तोंडाला कुलूपच. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टर आहेत त्या. तुला जास्त कळतं का?" आमच्या कंपनीत रबराचा पार्ट पुरता शिजल्याशिवाय साच्यातून काढत नाहीत, काढला तर तो माझ्याच टेबलावर बाद होतो. हे मी त्याला गाडीत बोलून दाखवलं. तो म्हणाला, "पोराची तुलना वायसरशी करतेस?"

आईला फोन केला. आई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, सासूबाईंसमोर बसली, चहा प्यायली. मला खात्री होती की ही बोलेल. ती म्हणाली, "ताई, लेकराचे दिवस भरू दिले असते तर..." सासूबाई म्हणाल्या, "आमी काय वैरी हाय का लेकराचं?" आणि आई तिथंच विरघळली. मुलीची आई ना ती. जाताना दारात माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मोठ्या लोकायचं घर आहे बाई, त्यांना ठाऊक असतंय." मला तिचा इतका राग आला की मी खाली सोडायलाही गेले नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचा तो हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा भरला होता. नऊवारीतल्या आज्या, पेढ्यांचे खोके, फोटोवाला. आम्ही सगळ्या मुहूर्तवाल्या एका खोलीत हिरवे गाऊन घालून बसलो होतो. नर्स यायची आणि विचारायची, "तुमचा कितीचा?" जणू एसटीची वेळ. आणि बाहेर व्हरांड्यात एक बाई खऱ्या कळा देत होती. तिचा मुहूर्त नव्हता, तिचे फक्त दिवस भरले होते. तिला सांगत होते, "जरा दम धरा, थिएटर रिकामं नाही." ती भिंतीला धरून उभी होती आणि तिची सासू सगळ्यांची माफी मागत होती. त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं, पण तोवर मला आत नेलं.

पाठीत सुई दिली. पडद्यापलीकडे मॅडम आणि भूलतज्ज्ञ गौरीच्या जेवणात पुरणपोळी की साधं घावन-घाटलं यावर बोलत होते. मॅडमनी मध्येच विचारलं, "वेळ झाली का?" कोणीतरी म्हणालं, "थोडं थांबा." माझं पोट उघडं ठेवून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "चला."

मुलगी झाली. ती रडली, पण ते रडणं पुरं झालंच नाही. मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आणि मग प्रत्येक श्वासाला कण्हणं. मला तिचा चेहरा ओझरता दाखवला. ओठ निळसर होते. मी म्हटलं, "ती अशी का करतेय?" मॅडम म्हणाल्या, "सगळं छान आहे हं." त्याच सुरात, मान वर न करता.

बाहेर पेढे वाटून झाले. सासूबाईंनी वेळ बरोबर गाठल्याचं गुरुजींना फोनवर कळवलं. आणि माझी मुलगी वरच्या मजल्यावर काचेत ठेवली होती, नाकातोंडात नळ्या घालून. तिची फुप्फुसं उघडत नव्हती. संध्याकाळपर्यंत तिला मशीनवर घेतलं. तिसऱ्या दिवशी मी टाके धरून, भिंतीचा आधार घेत वर गेले, तेव्हा तिथले बाळांचे डॉक्टर भेटले. तरुण मुलगा होता, डोळे जागरणानं लाल झालेले. मी विचारलं, हिला झालंय काय? तो आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "काही झालेलं नाही ताई. ही अजून आत असायला हवी होती, एवढंच."

एवढंच. मी त्या काचेवर कपाळ टेकून रडले. रडताना टाके ताणत होते आणि ते दुखणं मला बरं वाटत होतं, निदान ते माझ्या अंगाला होतं. खाली जाऊन मॅडमना गाठलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आग्रह तुमच्या घरच्यांचा होता. आम्ही कोणावर जबरदस्ती करत नाही." आणि यातला एकही शब्द खोटा नव्हता. मुहूर्त मागणारे आम्ही, सुरी त्यांची, आणि श्वास लागला तो तिला, जिला कोणी विचारलंच नव्हतं.

ती जगली. मशीन निघालं, मग नळी निघाली, मग ती माझं दूध चमच्यानं घ्यायला लागली. घरी न्या म्हणून सांगितलं त्या दिवशी पितृपंधरवडा निम्मा झाला होता. मी कपडे घेऊन तयार बसले होते. नवरा आला, खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "अगं, आई म्हणतेय, घटस्थापनेपर्यंत इथंच राहू दे तिला. पहिला गृहप्रवेश पितरांत नको. चांगली काळजी घेतात इथं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी ओरडले नाही. मी मुलीला दुपट्यात गुंडाळलं, लिफ्टनं खाली आले, तो चकचकीत हॉल ओलांडला आणि रिक्षावाल्याला पिंपळे गुरव सांगितलं. आईनं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि काही न विचारता पाणी तापवायला ठेवलं. मी तिला अजून माफ केलं नव्हतं. पण तिनं दीड महिना मला आणि लेकराला जपलं, मालिश, शेक, धुरी, काही कमी पडू दिलं नाही, आणि तोंडानं एकदाही म्हणाली नाही की माझं चुकलं. मीही म्हणायला लावलं नाही.

दिवाळीनंतर सासरी गेले. जायला नको होतं, असं माझ्या कंपनीतल्या मैत्रिणी म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातंय. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि नातीला छातीशी धरून खऱ्या रडल्या. त्यांचं तिच्यावर प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. त्यांनी तिचं वाईट चिंतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मुलगी छान भरली. गोरी, गुबगुबीत, मला बघितलं की हातपाय नाचवणारी. शेजारणी म्हणायच्या, काचेतलं बाळ वाटत नाही हो. त्या हॉस्पिटलमधून तपासणीच्या तारखा आल्या, वजन झालं, डोस झाले. अशा बाळांचे कान वेळेत तपासून घ्यायचे असतात, हे मला त्यांच्यातल्या कोणी सांगितलं नाही. मी खोदून विचारलं नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गणपतीत आमच्या बिल्डिंगखाली ढोल-ताशा पथक येऊन उभं राहिलं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. नणंदेचं बाळ दचकून किंचाळायला लागलं, तिनं त्याचे कान दाबून त्याला आतल्या खोलीत नेलं. दुसरी दोन पोरं आयांच्या पदरात घुसली. माझी मुलगी फरशीवर, खिडकीकडे पाठ करून, वाटीत चमचा घालत होती आणि काढत होती. तिनं मान वर केली नाही.

सासूबाई कौतुकानं पाहुण्यांना म्हणाल्या, "बघा कशी धीराची हाय. गौरीची लेक ती. भ्याली न्हाई."

ढोल थांबला. एकदम शांतता झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिच्या मागे. मी तिला हाक मारली. तिनं चमचा वाटीत घातला. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. मग जिवाच्या आकांतानं मारली.

घरातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. ती वळली नाही.