गुलाबाच्या फोटोवाले गृहस्थ

आमच्या रायपूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गृहस्थ होते. नाव लावलेलं नव्हतं, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. नागपूरकडून बदलून आलेलं कुणी ग्रुपमध्ये शिरलं की यांचा प्रश्न यायचा, "कौन पारा, भैया?" आणि मागोमाग त्या मोहल्ल्यातल्या दूधवाल्याचा नंबर. मलाही तसाच मिळाला.

राजधानी फुगली, तसे आम्ही नवे वाढलो आणि मराठीच्या अभिमानानं नियम केला: हिंदीत लिहील तो बाहेर. पुरानी बस्तीत पिढ्या गेलेले हे गृहस्थ पहिल्याच दिवशी बाहेर गेले.

महिन्याभरानं नव्या नंबरावरून तोच गुलाब आला. आमच्या नागपुरी अ‍ॅडमिननं ऐटीत विचारलं, "नवीन का? काही लागलं तर सांगा."

"हव, नवाच आहो," उत्तर आलं. "दूधवाला पाह्यजे."

अ‍ॅडमिननं मोठ्या मनानं नंबर पाठवला. तो त्याला यांनीच दिलेला होता.