तीन सरासऱ्यांची सरासरी

आमच्या साहेबांवरचा माझा राग अजून ताजा आहे. मी तो आनंदानं जपला आहे. पाहुणे आले की काढतो, झटकतो, सगळ्यांना दाखवतो.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भंडाऱ्याच्या आमच्या कृषी कार्यालयात तीन कॉम्प्युटर होते. कुठल्या शेतात एकरी किती धान निघालं, ते सगळे आकडे मी डेटाबेसमध्ये भरले होते. भरणं सोपं, विचारणं अवघड. सरासरी मागितली की बिचारं यंत्र एकेक शेत चाळत बसे, आणि उत्तर तोंडाशी आलं की वीज जाई. पुन्हा पहिल्या बांधापासून सुरुवात.

त्या मे महिन्यात घाई होती. आदल्या हंगामात धानाचं पीक बुडालं होतं. सरासरी ठरलेल्या आकड्याखाली गेली, तरच पऱ्हे टाकायला, म्हणजे रोपं तयार करायला, सरकारी बियाणं मिळणार होतं. लाखांदूरकडून माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, एसटीनं येऊन व्हरांड्यात बसले होते. घरात पेरायला दाणा नव्हता.

मी आकडे तिन्ही यंत्रांत वाटले. एकात तुमसर, एकात करडीकडचा भाग, एकात लाखांदूर. तिघांना एकाच वेळी जुंपलं. वीज जायच्या आत तिन्ही उत्तरं हजर. मी नाटकातल्या प्रधानासारखा साहेबांपुढे वाकलो.

साहेबांनी तिन्ही सरासऱ्यांची बेरीज केली, तिनानं भागलं आणि वर फोन लावून कळवलं, पीक ठीक आहे, बियाणं नको.

माझं डोकंच फिरलं. तुमसरच्या यंत्रात कालव्याखालची मूठभर शेतं, लाखांदूरच्या यंत्रात करपलेलं अख्खं शिवार. दोघांना सारखं वजन कसं? प्रत्येक यंत्राकडून एकूण धान आणि एकूण एकर घ्यायचे, एकत्र करायचे, मग भागायचं. साहेब म्हणाले, गणित आम्हीही शिकलो आहोत. मी म्हणालो,

"साहेब, तुमसरच्या पंगतीत चौघं पोटभर जेवले, लाखांदूरची पंगत सारी उपाशी उठली. आन् तुम्ही म्हणून राहिले, वऱ्हाड अर्धं जेवलं."

व्हरांड्यात मोठेबाबा मोठ्यानं हसले. तेच साहेबांना झोंबलं.

खरा आकडा मी जेवणाच्या सुट्टीत काढून दिला. तो कितीतरी खाली होता. पण फोनवरचा शब्द मागे घ्यायचा कोणी? कागद त्यांच्या टेबलावर पडून राहिला, पाऊस लागला तरी पडून राहिला. शेवटी वरूनच विचारणा झाली, तेव्हा हलला.

बियाणं आलं तेव्हा ज्यांच्याकडे दाणा होता त्यांची रोवणी, म्हणजे तयार रोपांची लावणी, चालू होती. लाखांदूरला माझ्यादेखत मोठेबाबांनी पोतं उघडलं. दाण्याला औषध चोळलेलं, खायच्याही कामाचं नाही.

"बापू, आता हे पेरू, का तुह्या साहेबाले नेऊन देऊ?"

मी पोतं एसटीच्या टपावर चढवलं, भंडाऱ्याला नेलं आणि साहेबांच्या टेबलावर उभं केलं. ते म्हणाले, उचल हे. मी नाही उचललं.